बाबली परबाच्या पायातली सुई

बाबली परब फणसावरून पडला हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कोणाच्या फणसावरून पडला, यावर मात्र गावाचं एकमत नव्हतं.

फणस उभा होता गडग्यावर. चिऱ्यांच्या त्या गडग्याच्या अलीकडे बाबली राहायचा, पलीकडे त्याचा चुलतभाऊ गंगाराम. झाड कोणाचं हा प्रश्न दोघांच्या आजोबांपासून तसाच लटकत आला होता. बाबली आपल्या बाजूनं चढला आणि पडला तो थेट गंगारामच्या खळ्यात, काप्या फणसाला मिठी मारलेली तशीच ठेवून. गंगारामनं त्याला उचलून घरी पोचवलं आणि फणस ठेवून घेतला. "माज्या खळ्यात पडलो तो माजो," असं तो म्हणाला. त्यावर बाबलीची बायको तुळसा चार बायकांदेखत विहिरीवर म्हणाली, "पडलो तर माजो घोवय होतो. मगे तेका कित्याक परत हाडून सोडलास?"

जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. लोक सिंधुदुर्ग म्हणायला शिकले होते, पण पत्ता लिहिताना हात अजून रत्नागिरीकडेच वळायचा.

बाबलीचा उजवा खांदा निखळला होता. हाडवैदानं तो बसवला, पाला कुटून बांधला, आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. बाबलीनं आयुष्यात कोणाचंच ऐकलं नव्हतं, ते नेमकं हाडवैदाचं ऐकलं. पावसाळा लागला तरी त्यानं हात छातीशी असा धरून ठेवला होता की जणू आत कोंबडीचं पिल्लू लपवलं आहे. शेवटी बांधलेलं सोडलं तेव्हा दुखणं कमी झालं होतं, पण हात वर जायचं विसरला होता. छातीपर्यंत यायचा, तिथं अडायचा. सरकारी दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाड अगदी बरोबर आहे, सांधा आखडलाय.

"हाड बरोबर आसा तर हात कित्याक उठणा नाय?" बाबलीनं घरी येऊन तुळसाला विचारलं.

"माका इचारतास? फोटो तुमचो काढलो."

एरवी बाबलीनं हात तसाच ठेवून दिवस काढले असते. नांगर धरायला भाऊबंद होते, आणि काम टाळायला खांद्यासारखं निमित्त त्याला याआधी कधी मिळालंही नव्हतं. पण पुढं दसरा होता, आणि दसऱ्याला तरंग.

ग्रामदेवी सातेरीचा तरंग म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीची काठी. वर देवीचा मुखवटा, खाली रंगीत लुगडी गुंडाळलेली. ती काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन पेलावी लागते. तो मान बाबलीच्या घराण्याचा. तरंग हातात घेतला की देवी अंगात यायची, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा अवसार यायचा. मग शिवा गुरव गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा आणि बाबलीच्या तोंडून देवी उत्तर द्यायची. एरवी ज्याला सोसायटीत कोणी बस म्हणत नसे, त्या बाबलीपुढं त्या दिवशी सरपंचसुद्धा हात जोडून उभा. अवसार उतरला की आपण काय बोललो ते बाबलीला काही आठवायचं नाही. तो घरी जाऊन तुळसाला विचारायचा आणि ती सांगेल ते आश्चर्यानं ऐकायचा. त्यात तिनं एखाद्या वर्षी स्वतःचंही थोडं घातलं असेल. बाबलीनं तीन वर्षं विडी सोडली होती ती देवीच्या आज्ञेनं, असं तो समजत असे.

आता हात वर गेला नाही तर तरंग जायचा गंगारामकडे. एकदा गडग्यापलीकडे गेलेला मान फणसासारखाच परत येणार नाही, हे बाबलीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्यानं सगळंच सुरू केलं. हाडवैदाचं तेल सकाळी. देवीचा अंगारा दुपारी. समुद्राचं पाणी आणून, गरम करून शेक संध्याकाळी. तोंडवलीच्या एका माणसानं सांगितलं म्हणून खांद्यावर करवंदीचा पाला बांधला, त्यानं खाज सुटली, पण हात होता तिथंच राहिला. तेव्हा तुळसानं शुभदाचं नाव काढलं.

शुभदा म्हणजे मालवणातल्या काशिनाथ मास्तरांची मुलगी. मुंबईला डॉक्टर झाली, तिथं अॅक्युपंक्चर शिकली, आणि परत येऊन वडिलांच्या घरातच पुढच्या खोलीत सुया टोचायला बसली. लग्न झालं नव्हतं, त्यामुळं लोकांना तिच्यापेक्षा तिच्या सुयांची जास्त माहिती होती. कोणी म्हणे, तिचं एका चिन्याशी ठरलं होतं आणि तो जाताना सुया देऊन गेला. कोणी म्हणे, नाही, सुया तिनंच ठेवून घेतल्या. ती हे ऐकून हसायची आणि नाहीही म्हणायची नाही. म्हणून तर ती गोष्ट गावोगाव पोचली.

बाबली गेला तेव्हा खोलीत काशीबाई बसली होती. ही बाबलीच्याच गावची, गुडघ्यासाठी येणारी. तिनं त्याला पाहिलं आणि पदर सावरून बसली, कारण दसऱ्याला ती त्याच्या पाया पडायची आणि उरलेलं वर्षभर त्याला नावं ठेवायची.

शुभदानं बाबलीचा हात धरून पुढं, मागं, बाजूला नेऊन पाहिला. मग म्हणाली, "काका, डाव्या पायावरचं धोतर जरा वर घ्या."

"बाय, दुखता खांद्याक."

"कळलं मला. सुई पायात लावायची आहे."

"पण उजव्या खांद्याक दुखता. ह्यो डावो पाय."

"डाव्याच पायात."

बाबलीनं काशीबाईकडं पाहिलं. काशीबाईनं छताकडं पाहिलं. त्याला वाटलं, पोर शिकताना फळ्यावर चित्र उलटं लावलं असणार. पण तुळसानं बजावून पाठवलं होतं, म्हणून त्यानं धोतर वर घेतलं. शुभदानं उकळलेल्या सुयांच्या डबीतून एक केसासारखी सुई काढली, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला स्पिरिट लावलं आणि सुई आत घातली. दुखलं काहीच नाही.

"गेली?" त्यानं विचारलं.

"गेली. आता मी ती फिरवते. पायात जड वाटेल, मुंग्या येतील. त्याच वेळी तुम्ही उजवा हात हळूहळू वर न्यायचा."

"पायात सुई आणि हात वर."

"हो."

"हाताक पायाची खबर कशी लागतली?"

शुभदानं क्षणभर विचार केला. "तुमच्या माडांच्या बागेत पाणी कसं सोडता? पाटाच्या एका टोकाला माती काढता, आणि पाणी दुसऱ्या टोकाच्या माडाला मिळतं. असं काहीसं समजा. खरं कसं होतं ते सगळं मलाही सांगता यायचं नाही. पुष्कळांना फायदा होतो, एवढं मी पाहिलंय."

शिकलेल्या माणसानं मला सांगता येत नाही म्हटल्याचं बाबली पहिल्यांदाच ऐकत होता. त्यामुळं तो आणखी घाबरला.

तिनं सुई फिरवली. पायात काहीतरी जड उतरलं, मग मुंग्या, मग त्या मुंग्या मांडीवरून वर चढल्यासारख्या झाल्या. बाबलीनं डोळे मिटले आणि हात उचलायला घेतला. हात छातीशी आला, जिथं रोज अडायचा तिथं आला, आणि अडलाच नाही. तसं झाल्यावर बाबली थरथरू लागला. आधी पाय, मग पोट, मग मान. तोंडातून हुंकार निघाला. शुभदानं हे असं कधी पाहिलं नव्हतं. काशीबाईनं दरवर्षी पाहिलं होतं.

ती गुडघा विसरून उभी राहिली आणि मुलासाठी हात जोडून म्हणाली, "आई सातेरी, बरी इलंस. माज्या झिलाचा लगीन खंय अडलाहा तां सांग."

"काशीबाई, खाली बसा. काका, सुई काढते मी," शुभदा म्हणाली.

"काढू नको गो. अवसार अर्धो मोडता काय कोण?"

"अहो, त्यांना घेरी येतेय बहुतेक."

"घेरी नाय, देवी आसा. आई, पोरगी लहान आसा, तिका क्षमा कर. लगनाचा सांग."

या गलबल्यानं आतून काशिनाथ मास्तर आले, हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. देवावर त्यांचा विश्वास नव्हता आणि सुयांवर त्याहून नव्हता. बाबली त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला होता, त्यातली दोन वर्षं चौथीतच.

"बाबली," मास्तर म्हणाले, "खाली बस."

बाबली खाली बसला. थरथर थांबली, हुंकार थांबला, डोळे उघडले. हात तेवढा खांद्याच्या रेषेत वर राहिला होता, आणि त्याच्याकडे तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पाहत होता.

घरी परतताना त्याच्या डोक्यात तो हात नव्हताच. देवी आली असेल, तर ती मास्तरांच्या एका शब्दानं कशी गेली? सातेरी काही चौथीत नापास झाली नव्हती. आणि देवी आली नसेल, सुईनंच तो थरकाप आणला असेल, तर इतकी वर्षं दसऱ्याला जे येतं ते काय? तरंगात तर कोणी सुई लावत नाही.

काशीबाई मात्र बसनं त्याच्या आधी गावात पोचली होती. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. एक म्हणे, देवी बाबलीवर इतकी प्रसन्न आहे की दवाखान्यातही सोडत नाही. दुसरा म्हणे, मास्तरांची पोर सुईनं अवसार आणते, तर आता देवळात गुरव कशाला हवा? हे दुसरं ऐकून शिवा गुरव पहिल्या तटात गेला. गंगारामनं कोणताच तट घेतला नाही. तो फक्त चावडीवर म्हणाला, "सुयेचो अवसार असलेल्या मानसाच्या हातात तरंग दिलो, आणि मगे गावार काय इला, तर माका सांगू नकात."

झालं. देवीचा कौल घ्यायचं ठरलं. बाबलीनं सुया लावून घ्याव्या की नाही, देवीनंच सांगावं. देवळात गावकरी जमले. शिवा गुरवानं पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळे श्वास धरून बसले. बराच वेळ काहीच पडलं नाही. मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

शिवानं मागं वळून गावकऱ्यांकडं पाहिलं. गावकऱ्यांनी त्याच्याकडं.

"ह्येचो अर्थ काय?" गंगारामनं विचारलं.

"अर्थ," शिवा म्हणाला आणि थांबला. "आईक पण नीट समाजलेला दिसणा नाय."

पुन्हा लावायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी वडीलधाऱ्यांनी असं काढलं की सुया लावायच्या तर लावाव्या, दसऱ्याला हात वर गेला तर तरंग बाबलीचा, नाही गेला तर गंगारामचा. म्हणजे जे आधीपासून होतं तेच ठरलं, पण देवळात ठरलं म्हणून सगळ्यांचं समाधान झालं.

बाबली पुन्हा शुभदाकडं गेला. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "बाय, सुई लाव. पण अवसार येवक देव नको."

"काका, ते माझ्या हातात नाही."

"मगे कोणाच्या?"

"तुम्ही घाबरला होता, श्वास धरून ठेवला होता, उपाशी आला होता, आणि एकाएकी हात सुटला. एवढ्यानं अंग थरथरू शकतं. देवी आली की नाही ते मी कोण सांगणार?"

"म्हणजे येवकय शकता."

शुभदानं हात टेकले. तिनं त्याला जेवून यायला सांगितलं, आडवं झोपवलं, आणि सुई लावताना श्वास सोडत राहायला शिकवलं. अवसार काही पुन्हा आला नाही. त्यानं बाबलीला बरं वाटलं आणि वाईटही. ती म्हणाली, सुई फक्त वाट मोकळी करते, चालायचं हातालाच आहे. म्हणून घरी रोज भिंतीशी उभं राहून बोटं खेकड्यासारखी वर चढवायची. तुळसा कोळशानं खूण करायची आणि शेजारणींना दाखवायची. भादव्यात खूण कानापर्यंत आली, घटस्थापनेच्या सुमाराला कपाळाच्या वर गेली. तेल, अंगारा आणि शेकही चालूच होता. कशानं फरक पडला ते कोणी ठरवावं? हाडवैद म्हणाला तेलानं, शिवा म्हणाला अंगाऱ्यानं, तुळसा म्हणाली भिंतीनं. बाबलीनं शुभदाला विचारलं, तर ती म्हणाली, "थोडं सगळ्यांनी, थोडं काळानं. माझ्या सुयांचा वाटा किती, ते मलाही जाणून घ्यायचंय." मास्तर आतून म्हणाले, "बंद करून बघा म्हणजे कळेल." पण दसरा तोंडावर असताना बंद करून बघायला बाबली काही चौथीतला राहिला नव्हता.

दसऱ्याला देवळासमोर माणूस मावत नव्हता. एवढी गर्दी देवीसाठी नव्हती, खांद्यासाठी होती. शुभदा मास्तरांना घेऊन आली होती. मास्तर म्हणाले, ते गर्दी पाहायला आलेत. गंगाराम नवं धोतर नेसून, कमरेला पट्टा बांधून तयारीनं उभा होता. तुळसानं तो पट्टा पाहिला आणि म्हणाली, "भावजी, जेवान लय झाला काय? पोट बांधून हाडलास ता."

ढोल वाजला. बाबलीनं तरंगाला नमस्कार केला, काठी पट्ट्यात रोवली आणि हात वर नेले. डावा गेला. उजवा कानापर्यंत गेला, तिथं जरा थबकला, आणि मग गेला. वर मुखवटा चमकला. गर्दीतून हूं असा आवाज उठला. शुभदानं श्वास सोडला, आणि तिच्या शेजारी मास्तरांनीही.

आता अवसार यायचा होता. बाबली डोळे मिटून वाट पाहत राहिला. ढोल वाढला. त्याला सगळं ऐकू येत होतं, तेच वाईट होतं. दरवर्षी इथं ढोल दूर जायचा, माणसं पुसट व्हायची. यंदा काशीबाईचा खोकलासुद्धा स्पष्ट. तो पायातल्या मुंग्यांची वाट बघू लागला, मग त्याची त्यालाच लाज वाटली. देवीची वाट बघायची की सुईची? मुंग्याही आल्या नाहीत. मात्र खांदा भरून आला. भिंतीवर चढणं वेगळं आणि तरंग पेलणं वेगळं. हात कापू लागला, काठी झुकली, मुखवटा एका बाजूला कलला.

तरंग जमिनीला लागणं म्हणजे गावाचं वर्ष गेलं. ओरडायलाही कोणाला वेळ नव्हता. सगळ्यांत जवळ गंगाराम होता, तयारीनं उभा. त्यानं दोन पावलांत येऊन काठी वरच्या बाजूनं धरली आणि बाबलीला चिकटून उभा राहिला. काठी सरळ झाली. आता चार हात तिच्यावर होते आणि काठी थरथरत होती, दोघंही थरथरत होते, अगदी मुखवट्याच्या फुलांपर्यंत.

शिवा गुरव हात जोडून पुढं आला आणि थबकला. पाया पडायचं कोणाच्या? त्यानं एकदा बाबलीकडं पाहिलं, एकदा गंगारामकडं, आणि शेवटी काठीलाच नमस्कार करून गाऱ्हाणं घातलं. "आई, गाव राखतंस मगो?"

कोणाच्या तरी तोंडून "होय" आलं. पहिल्या रांगेतले म्हणाले बाबलीच्या, दुसऱ्या रांगेतले म्हणाले गंगारामच्या. काशीबाई म्हणाली दोघांच्याही. गाव हात जोडून वाकलं, आणि तसंच दोघांनी मिळून तरंग सोनं लुटायच्या आपट्यापर्यंत नेला. परत देवळात ठेवेपर्यंत कोणीही हात सोडला नाही, कारण आधी कोणी सोडायचा ते ठरलं नव्हतं.

संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी सांगितलं की देवीनं दोघांना धरलं आहे, तेव्हा मान यापुढं दोघांचा. त्याला विरोध करायला कोणाकडं काही उरलं नव्हतं.

बाबली घरी आला. तुळसा वाट बघत होती, आज काय सांगायचं ते ठरवूनच. पण त्यानं काही विचारलंच नाही. तिला चुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापाशी गंगाराम दिसला. दोघं थोडा वेळ भाताविषयी बोलले. मग बाबलीनं उजवा हात गडग्यावर टेकला. आता तो सहज टेकत होता.

"गंगाराम," तो हळूच म्हणाला, "काल तुका इलो काय?"

गंगारामनं आधी आपल्या दाराकडं पाहिलं, मग बाबलीच्या.

"माका वाटला तुका इलो."

"माजो हात कापी होतो."

"माका तुजो भार झालो होतो, म्हणान मी कापी होतंय."

"मगे होय कोण म्हणालो?"

"मी नाय," दोघंही एकदम म्हणाले. दोघांपैकी एकालाही आपण बोलल्याचं आठवत नव्हतं. बाबलीला हे ऐकून आधी धडकी भरली, आणि मग कधी नव्हे इतकं बरं वाटलं. त्यातलं कोणतं खरं धरायचं ते त्याला कळेना. गंगाराम म्हणाला, "खंय बोला नको," आणि आत गेला.

बाबली आठवड्यानं शुभदाकडं गेला, हात पुरता सुटावा म्हणून. धोतर स्वतःच वर घेतलं.

"डावा पाय ना, बाय?"

"आज उजवा," शुभदा म्हणाली.